षट्कोनातली गावे

शहर आसपासच्या गावांची कामे करते म्हणूनच ते टिकते, हा विचार भूगोलात वाल्टर क्रिस्टालर या जर्मन अभ्यासकाच्या नावावर जमा आहे. पण आपण त्याचा माग काढू लागलो, की १८४१ सालच्या फ्रान्समध्ये जाऊन पोहोचतो. ज्याँ रेनो या खाण-अभियंत्याने त्या वर्षी एका ज्ञानकोशात शहरांवर नोंद लिहिली आणि लहानमोठ्या वस्त्यांची षट्कोनी मांडणी तिथेच सुचवली. पुढे ही नोंद विस्मरणात गेली. मारी-क्लेअर रोबिक यांनी ती १९८२ मध्ये उजेडात आणली.

दरम्यान १९१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चार्ल्स गॅल्पिन यांनी हाच प्रश्न शेतकऱ्याच्या दारातून विचारला. वॉलवर्थ परगण्यातले कोणते घर खरेदीला कुठे जाते, पैसे कुठल्या पेढीत ठेवते, दूध कुठे घालते, मुले कुठल्या हायस्कुलात धाडते, हे त्यांनी नकाशावर उतरवले. बारा बाजारगावांची वर्तुळे उमटली, आणि सरकारी हद्दींशी त्यांचा मेळ बसेना. या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच नकाशा.

क्रिस्टालर यांचा दक्षिण जर्मनीवरचा ग्रंथ १९३३ चा. कोणत्या गावाचे महत्त्व किती, हे त्यांनी तिथल्या टेलिफोनांच्या संख्येवरून ताडले. सर्वांत लहान बाजारगावाचा पल्ला त्यांनी तासाभराच्या पायपिटीचा, म्हणजे चारेक किलोमीटरचा धरला. त्यामुळे षट्कोनी मांडणीत अशी दोन गावे साधारण सात किलोमीटरांवर येतात. इथवर हे वर्णन होते. १९४० नंतर मात्र क्रिस्टालर नाझी राजवटीच्या नियोजन कचेरीत शिरले आणि जिंकलेल्या पोलंडमधल्या वस्त्यांची फेरमांडणी याच तत्त्वावर आखू लागले. माणसे हुसकावून आखलेल्या त्या नकाशांमुळे या सिद्धान्ताला लागलेला डाग पुसता येणार नाही.

युद्धानंतर हॉलंडमध्ये, समुद्राकडून मिळवलेल्या नोर्डोस्टपोल्डरच्या कोऱ्या जमिनीवर, मधोमध एमेलोर्ड आणि भोवती दहा गावे वसवली गेली. अंतरे सायकलच्या हिशेबाने बेतली होती. पुढे घरोघरी मोटारी आल्या, शेतकरी थेट एमेलोर्डला जाऊ लागले आणि लहान गावांतली दुकाने ओस पडू लागली.

आज आपल्याकडे तालुक्याचा विकास आराखडा होतो, तेव्हा आधी गॅल्पिन यांचे प्रश्न घेऊन गावोगाव फिरावे आणि मगच नकाशावर रेघ ओढावी.