क्रूझ जहाजांवरील भोजन व करमणूक
क्रूझ कंपन्यांची तुलना पदार्थांच्या यादीपेक्षा जेवणाच्या वेळापत्रकावरून करणे योग्य. करमणूकही बरीचशी त्यावरच बेतलेली असते. जुन्या पद्धतीत रात्रीच्या दोन पंगती ठरलेल्या, म्हणून रंगमंचावरचा खेळही दोनदा. नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीने २००० मध्ये हवे तेव्हा, हव्या त्या उपाहारगृहात जेवण्याची ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून हे बंधन सैल केले. खास उपाहारगृहांचे जादा पैसे मात्र बहुधा मोजावे लागतात. डिस्नेच्या जहाजांवर कुटुंब आळीपाळीने वेगवेगळ्या भोजनगृहांत जेवते आणि वाढपीही त्याच्यासोबत फिरतात. तिथे जेवण हाच खेळ. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर प्रवाशाच्या खोलीचा दर्जा त्याचे भोजनगृह ठरवतो. रॉयल कॅरिबियनच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर १९९९ मध्ये बर्फाचे स्केटिंग मैदान आले, तेव्हा करमणूक जेवणापासून सुटी झाली, असा आक्षेप घेता येईल. पण असल्या खेळांच्या जागाही मर्यादितच. त्यांची वेळ प्रवाशाला जेवणाशी जुळवूनच घ्यावी लागते.