सम्मुखाविनय आणि निनावी साक्ष

राजसत्तेने प्रजेवर हेर नेमावेत, ही गोष्ट इतिहासास नवी नाही. परंतु छळाचा प्रारंभ हेरापासून होतो, की ज्या नियमाने हेराचे नाव झाकले जाते त्या नियमापासून, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरासाठी सिंधुदुर्गातील वाचकास दूर जावयास नको. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोमंतक आहे.

इ. स. १५६० मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात 'इन्क्विझिशन' हे धर्मन्यायासन स्थापिले. १७७४ ते १७७८ हा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. जुन्या गोव्यातील त्याच्या वास्तूस लोक 'व्हडलें घर' म्हणत. १५६१ ते १७७४ या काळातील १६,००० हून अधिक खटल्यांची नोंद उपलब्ध आहे. आरोपीस फिर्यादीचे नाव कळविले जात नसे. आपला अपराध कोणता हे त्यानेच ओळखून कबूल करावे, अशी अपेक्षा असे. १६७३ मध्ये दमण येथे पकडलेल्या दॅलाँ नामक फ्रेंच वैद्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच पद्धती वर्णिली आहे. १७३६ च्या फर्मानाने तर तुळस लावणे, धोतर नेसणे, बिनमिठाचा भात शिजविणे याही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. शेजाऱ्याची चूलसुद्धा अशा रीतीने पुराव्याचे स्थान झाली. अनेक कुटुंबांनी पोर्तुगीज हद्दच सोडली.

हा दोष एकाच धर्माच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. चीनची सम्राज्ञी वू झत्येन ही बौद्ध धर्माची उदार आश्रयदाती होती. तथापि ६९० मध्ये सिंहासनावर बसण्यापूर्वीच, ६८६ मध्ये, तिने ब्राँझची एक पेटी ठेवविली. इतर अर्जांबरोबर तीत गुप्त चुगल्याही येऊन पडू लागल्या. लाय जुनचेनसारखे अधिकारी या चुगल्यांवरच मोठे झाले आणि त्यांनी असंख्य निरपराधांचा बळी घेतला. अखेर ६९७ मध्ये त्यालाही देहदंड झाला.

विनयपिटकाची दृष्टी याहून वेगळी आहे. राजगृहात आयुष्मान दब्ब मल्लपुत्त यांच्याकडे भिक्खूंच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था होती. आपल्या वाट्यास निकृष्ट भोजन येते, या रागाने मेत्तिय व भुम्मजक यांच्या अनुयायांनी त्यांच्यावर खोटा आरोप रचविला. भगवंतांनी संघ एकत्र करवून प्रथम दब्बांनाच विचारले, आणि मग आरोप रचणाऱ्यांची चौकशी करविली. निराधार पाराजिक-आरोप हा त्यानंतर संघादिसेस अपराध ठरला. अधिकरण शमविण्याच्या सात उपायांत पहिला 'सम्मुखाविनय' आहे. संघ, धम्म, विनय आणि वादी-प्रतिवादी हे सारे समोर असल्याखेरीज निर्णय नाही, असा त्याचा अर्थ.

विनय हा प्रव्रजितांचा नियम आहे, राज्याचा कायदा नव्हे. संघाजवळ तुरुंगही नव्हता. हा भेद मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. दब्बांवरील आरोप कोणी रचला हे शोधता आले, म्हणूनच ते निर्दोष ठरले. व्हडल्या घरात तो शोध घेण्याची सोयच नव्हती. ज्या आरोपाला तोंड नाही त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून कोणत्याही न्यायासनाची परीक्षा करताना त्याच्या शिक्षांच्या कठोरतेआधी आपण हे विचारावे, की आरोपीस आरोप करणाऱ्याचे मुख पाहता येते काय?