काचेवरचं नाव

"व्हॉल्व्ह घ्यायचा तर मुलार्डचाच!" हे बाबांचं जुनं वाक्य. म्हणून हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी दोन जुने ईसीसी८८ घेतले, त्यात मुलार्ड छापलेल्याला फिलिप्स छापलेल्याच्या दुप्पट पैसे मोजले. एका काचेत दोन ट्रायोड, एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा, त्यामुळे एका वेळी एकच व्हॉल्व्ह लागतो. (गंमत म्हणजे हा बनवला होता टीव्हीच्या ट्यूनरसाठी!)

घरी आल्यावर भिंग घेतलं. पांढऱ्या रंगातलं नाव बोटानेही पुसलं जातं, पण तळाशी काचेवर करड्या रंगात कोड असतो. त्याच्या दुसऱ्या ओळीतलं पहिलं चिन्ह कारखान्याचं. 'बी' म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन.

माझ्या मुलार्डवर त्रिकोण होता.

यात लबाडी कुणाचीच नाही. १९२७ पासून मुलार्ड पूर्णपणे फिलिप्सच्याच मालकीची. एका कारखान्यातला माल दुसऱ्याच्या नावाने विकणं त्या धंद्यात नेहमीचंच होतं. म्हणजे बाबांच्या तरुणपणीचे 'मुलार्ड' नेमके कुठले, देव जाणे!

मग एकच गाणं दोन्हींवर ऐकलं. फिलिप्सवर खरखर किंचित कमी. बाकी फरक? मला तरी नाही सांगता आला.

बाबांना हेडफोन लावला. आधी फिलिप्स, मग मुलार्ड. दुसऱ्याला डोळे मिटून म्हणाले, "बघ, हा गोडवा!"

भिंग मी खणात ठेवून दिलं.