मधुमेहींनो, पायांकडे लक्ष द्या!

मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांना धोका संभवतो, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पाय मात्र दुर्लक्षितच राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वैद्यकीय अंदाजानुसार, मधुमेह असलेल्या १०० पैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला जखम होते. वेळीच उपचार न झाल्यास अशा जखमेपायी बोट, प्रसंगी पायही गमवावा लागतो.

जखम का चिघळते?

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की पायांच्या मज्जातंतूंना इजा पोहोचते. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते; पुढे पाय बधिर होत जातात. चपलेतील खडा, बुटाचा चावा किंवा तापलेल्या फरशीचा चटका जाणवेनासा होतो. घाम कमी झाल्याने त्वचा कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर जखम भरून येत नाही. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचतो किंवा गँगरीन होते.

वेदना नाही, हाच धोका

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार केले. रुग्णांची बोटे झडण्यामागे मुख्यतः संवेदना हरपल्याने नकळत होणाऱ्या इजा असतात, असे त्यांनी दाखवून दिले. हाच विचार पुढे मधुमेहींच्या पायांनाही लागू पडला. दुखत नाही म्हणून रुग्ण जखमेवर चालत राहतो आणि ती खोल होत जाते. म्हणूनच वेदनेचे काम डोळ्यांनी करावे लागते.

रोजची निगा

• रात्री झोपण्यापूर्वी तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. वाकता येत नसल्यास आरसा वापरावा किंवा घरच्यांची मदत घ्यावी.
• पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. पाणी किती गरम आहे, हे पायाने न पाहता हाताच्या कोपराने पाहावे.
• कोरड्या त्वचेला तेल किंवा क्रीम लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये.
• नखे सरळ कापावीत. कुरूप किंवा घट्टा घरी ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टीही लावू नये.
• घरातही अनवाणी फिरू नये. देवळात चपला काढाव्या लागतात, तेथे जाड मोजे घालावेत.
• चपला-बूट संध्याकाळी खरेदी करावेत; तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. घालण्यापूर्वी ते रोज झटकून, आत हात फिरवून पाहावे.
• गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. तंबाखू आणि धूम्रपान टाळावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

फोड, जखम, काळसरपणा, दुर्गंधी किंवा स्राव दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय सुजून लाल व गरम झाला असेल, तर तो दुखत नसला तरी थांबू नये. हाडे ठिसूळ होऊन पायाचा आकार बिघडण्याची ती सुरुवात असू शकते. जखम झाल्यास मलमपट्टीइतकेच महत्त्व तिच्यावरील भार काढण्याला असते.

तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना आणि हाताने नाडी तपासली जाते. ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित आहे. साखरेचा अहवाल दाखवताना डॉक्टरांसमोर पायही उघडे करून दाखवावेत.