करोल बागेतील टाकी आणि ‘मारलेले’ पोलाद

दिल्लीच्या करोल बागेत, नाईवालाच्या अरुंद गल्ल्यांत, मोटारसायकलींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या टाकीचा गोलसर फुगवटा हा मुळात मिलिमीटरभर जाडीचा सपाट ‘सीआर’ पत्रा असतो. प्रेसचा ठोसा बसतो, पत्रा साच्यात खोलवर ओढला जातो आणि तरीही तो फाटत नाही. या न फाटण्यामागे पाऊणशे-शंभर वर्षांचा धातुविज्ञानाचा इतिहास आहे. आणि त्यात ॲल्युमिनियमचा वाटा पोलादाच्या वजनाच्या शेकडा ०.०५ इतकाही नसतो.

पोलाद करणे म्हणजे कच्च्या लोखंडातील कार्बन ऑक्सिजनने जाळणे. हेन्री बेसेमरने ११ ऑगस्ट १८५६ रोजी चेल्टनहॅम येथे आपली पद्धत मांडली आणि लवकरच तिचा दोषही उघड झाला: कार्बन जातो, पण ऑक्सिजन मागे राहतो आणि धातू ठिसूळ होतो. रॉबर्ट मुशेटने मँगेनीजयुक्त लोखंड मिसळून त्यावर उपाय शोधला. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनशी ओढ मँगेनीजहून कितीतरी प्रबळ. परंतु १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू यांनी विद्युत-विघटनाची रीत शोधेपर्यंत तो धातू दागिन्यांच्या मोलाचा होता. भट्टीत टाकण्याइतका तो स्वस्त झाला तो त्यानंतर.

१६०० अंशांच्या द्रवात ०.०५ टक्के कार्बन असेल, तर दहा लाख भागांत सुमारे ५०० भाग ऑक्सिजन विरघळलेला असतो. असे पोलाद साच्यात ओतले की थंड होताना कार्बन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे उठतात आणि साचा अक्षरशः उकळतो. हे ‘रिमिंग’ पोलाद. ॲल्युमिनियम टाकले की विरघळलेला ऑक्सिजन दहा लाखांत मोजक्या भागांवर येतो, उकळी थांबते, धातू निमूटपणे गोठतो. इंग्रजीत त्याला ‘किल्ड’, म्हणजे मारलेले, म्हणतात. रसशास्त्रातील ‘मारण’ मराठी वाचकाला येथे आठवेल. मात्र तेथे धातूचे भस्म होते, येथे केवळ त्याची खळबळ शमते.

एवढे असूनही मोटारगाड्यांचा पत्रा कित्येक दशके रिमिंग पोलादाचाच होत राहिला, आणि त्यात कारखानदारांचे अज्ञान नव्हते. उकळत्या पोलादाच्या कडेला जवळजवळ शुद्ध लोहाचा थर गोठतो. त्यामुळे पत्र्याला सुरेख पृष्ठभाग मिळतो. शिवाय बुडबुड्यांमुळे आकुंचन भरून निघते. मारलेल्या पोलादाच्या ठोकळ्यात वरून खोल पोकळी पडते आणि तो भाग कापून टाकावा लागतो. हिशेब रिमिंगच्या बाजूचा होता.

खरा शत्रू ऑक्सिजन नव्हता, नायट्रोजन होता. लोहाच्या स्फटिकात नायट्रोजनचे अणू फटींमध्ये बसतात आणि ज्या रेषीय दोषांच्या सरकण्यामुळे धातू वाकतो, त्या दोषांभोवती गोळा होऊन त्यांना जखडतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये याची गणिती उपपत्ती दिली. भौतिकशास्त्राने कारखान्याच्या तक्रारीला दिलेले हे फार देखणे उत्तर आहे. जखडलेला पत्रा प्रेसखाली एकसारखा ताणला जात नाही. तो पट्ट्यापट्ट्यांनी नमतो आणि पृष्ठभागावर नागमोडी वळ उमटतात. रंगाखालीही ते लपत नाहीत. यावर तात्पुरता इलाज म्हणजे पत्रा हलकेच लाटून दोष मोकळे करणे, ज्याला कारखान्यात ‘स्किन पास’ म्हणतात. पण अणू हळूहळू पुन्हा जमतात आणि पत्रा गोदामात पडल्या पडल्या ‘म्हातारा’ होतो. नायट्रोजनचे विसरण तापमानावर अवलंबून असते. त्याच्या सक्रियण ऊर्जेवरून हिशेब केला, तर २० अंशांऐवजी दिल्लीच्या वैशाखातील ४५ अंशांवर हे वार्धक्य सुमारे दहापट वेगाने येते. थंड देशात महिनाभर टिकणारा पत्रा येथे किती दिवस टिकेल, हे वाचकाने स्वतःच काढून पाहावे.

ॲल्युमिनियमचा मोठा उपकार येथे दिसतो. ऑक्सिजन संपवून उरलेले ॲल्युमिनियम नायट्रोजनला ॲल्युमिनियम नायट्राइडच्या रूपात बांधून टाकते. पत्रा म्हातारा होत नाही. परंतु हे संयुग कधी तयार व्हावे, याला महत्त्व आहे. लाटण्यापूर्वी स्लॅब १२५० अंशांच्या आसपास तापवून ते विरघळवले जाते. गरम पत्रा ६०० अंशांच्या खाली गुंडाळला की ते विरघळलेलेच राहते. नंतर थंड लाटणी होते आणि बंद भट्टीत अत्यंत सावकाश तापवणी. तेव्हा नवे स्फटिक उगवतानाच नायट्राइड बाहेर पडते आणि त्यांच्या वाढीला वळण लावते. कण थालीपिठासारखे चपटे होतात आणि बहुसंख्य कणांच्या घनाचा कर्ण पत्र्याला लंब राहतो. असा पत्रा ओढला की रुंदीत आकसतो, जाडीत सहजी पातळ होत नाही. रुंदी आणि जाडीतील विकृतीचे हे गुणोत्तर लँकफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडले. रिमिंग पत्र्यात ते १.२ च्या आसपास असते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यात १.६ किंवा अधिक. फाटणे आणि न फाटणे यांतील अंतर ते हेच.

तरीही निर्णायक धक्का दिला तो सलग ओतकामाने. १९७० च्या दशकात जपानने ही रीत झपाट्याने पसरवली, आणि उकळणारे पोलाद त्या यंत्रातून ओतताच येत नाही. रिमिंगचा हिशेब तेथे संपला. भारतात रुरकेला आणि बोकारो येथे सपाट पत्र्याचा पाया घातला गेला होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावात पहिली मारुती बाहेर पडली, तेव्हा मात्र तिचे बरेचसे भाग जपानहून आलेले होते. गाडीच्या बाह्यांगाला शोभेल असा पत्रा देशात करण्याची निकड त्यानंतर वाढली. टाटांची जमशेदपूरची नवी शीत-लाटण गिरणी २००० साली सुरू झाली.

आज कठीण आकारांसाठी टायटॅनियमने कार्बन-नायट्रोजन दोन्ही बांधलेले पोलाद वापरतात. त्यातही ॲल्युमिनियम आधी टाकावे लागते. नाहीतर महागडे टायटॅनियम ऑक्सिजनच खाऊन टाकतो.