चेकसमची चूक : दोष नेमका कोणाचा?

जपून ठेवलेले जुने छायाचित्र उघडावे आणि त्याचा निम्मा भाग करड्या पट्ट्यांनी व्यापलेला दिसावा, असे काही वेळा घडते. हार्ड डिस्कने तक्रार केलेली नसते, तरीही माहिती बिघडलेली असते. असा मूक बिघाड उघडकीस आणण्यासाठी झेडएफएस या फाइल प्रणालीत चेकसमची योजना आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये तिचे काम सुरू केले. २००५ मध्ये ती खुली झाली.

माहितीचा प्रत्येक ब्लॉक लिहिताना त्यावरून गणिताने एक अंक काढला जातो. हा चेकसम त्या ब्लॉकसोबत न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये नोंदवतात. वाचताना तो पुन्हा काढला जातो. दोन्ही अंक जुळले नाहीत, तर चूक नोंदली जाते. मिरर किंवा रेड-झेड रचना असल्यास दुसऱ्या डिस्कवरील माहितीच्या आधारे दुरुस्ती आपोआप होते. एकच डिस्क असेल, तर सहसा बिघडलेल्या फाइलचे नाव तेवढे कळते.

अशी चूक दिसताच डिस्क बदलण्याची घाई करू नये. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढावी. नंतर 'झेडपूल स्टेटस' ही आज्ञा देऊन चुकांचे आकडे टिपून ठेवावेत. ते आधीच पुसले, तर तपासाचा धागाच तुटतो.

चुका एकाच डिस्कवर असतील, तर तिची स्मार्ट नोंद पाहावी. त्यात सीआरसी चुकांचा आकडा वाढत असल्यास संशय केबलवर घ्यावा. केबल बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. निकामी सेक्टरांची संख्या वाढत असल्यास मात्र डिस्क बदलणेच इष्ट. अनेक डिस्कवर एकाच वेळी चुका दिसल्या, तर त्या सर्व एकदम बिघडल्या असण्यापेक्षा रॅम, कंट्रोलर किंवा वीजपुरवठा सदोष असण्याची शक्यता अधिक. रॅमची तपासणी मेमटेस्टने रात्रभर करावी.

दोष दूर झाल्यावर बिघडलेल्या फायली जुन्या प्रतीवरून परत आणाव्यात, 'झेडपूल क्लिअर'ने आकडे शून्यावर आणावेत आणि 'झेडपूल स्क्रब'ने संपूर्ण साठा तपासावा. पुन्हा चूक आढळली, तर खरा दोषी अद्याप मोकळाच आहे असे समजावे. एरवीही महिन्यातून एकदा स्क्रब करणे हिताचे.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. चेकसम काढण्यापूर्वीच रॅममध्ये माहिती बिघडली, तर चुकीच्या माहितीवरही बरोबर चेकसम चढतो. म्हणून महत्त्वाच्या यंत्रांत ईसीसी रॅम वापरतात. चेकसम हा पहारेकरी आहे; तो चोरी झाल्याचे सांगतो, पण गेलेला ऐवज परत मिळण्यासाठी दुसरी प्रत असावीच लागते.