संथ नदी व सावध प्रवासी

इ. स. १६७३ च्या मे महिन्याच्या १७ व्या दिवशीं उत्तर अमेरिकेंतील मिशिगन व ह्यूरन हीं दोन महासरोवरें जेथें एकमेकांस मिळतात, तेथील सेंट इग्नेस या ठाण्याहून सात फ्रेंच माणसें दोन उघड्या होड्यांत बसून निघालीं. रायगडावरील राज्याभिषेकाला त्या वेळीं अजून एक वर्षाचा अवकाश होता. त्यांच्याजवळ शिधा म्हणून मका आणि वाळविलेलें मांस एवढेंच होतें. एवढ्या सामग्रीवर पुढील चार महिन्यांत त्यांनीं जो प्रवास केला, त्यानें मिसिसिपी नदीचा ओघ युरोपला निश्चितपणें कळला. शौर्याच्या कथा म्हणून ही हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. परंतु तिचें खरें मर्म, आमच्या मतें, त्या प्रवासाच्या आधींच्या हिवाळ्यांत आणि त्यांतील सर्वांत संथ नदीच्या पात्रांत दडलेलें आहे.

मोहिमेचा नायक लुई जोलिए हा क्वेबेकमध्यें जन्मलेला २७ वर्षांचा तरुण होता. त्याचा सहकारी जाक मार्केत हा जेझुइट पंथाचा धर्मोपदेशक. तेथील मूळ रहिवाशांच्या अनेक भाषा त्यानें आत्मसात केल्या होत्या. पश्चिमेस एक फार मोठी नदी आहे, हें फ्रेंचांनीं कित्येक वर्षें ऐकलें होतें. ती कोठें जाऊन मिळते, हा प्रश्न होता. ती कॅलिफोर्नियाकडील समुद्रास मिळत असेल तर चीनचा मार्ग हातीं येणार होता. मेक्सिकोच्या आखातास मिळत असेल तर गांठ स्पॅनिश लोकांशीं होती. जोलिए १६७२ च्या डिसेंबरांत सेंट इग्नेस येथें आला, आणि बर्फ वितळेपर्यंतचे महिने दोघांनीं सिद्धतेंत घालविले.

ही सिद्धता कशी होती? त्या प्रदेशांत ये-जा केलेल्या मूळ रहिवाशांस बोलावून त्यांनीं बारकाईनें विचारपूस केली. कोणती नदी कोठून वाहते, कोणत्या तीरावर कोणते लोक राहतात, मोठ्या नदीला लागल्यावर तोंड कोणत्या दिशेस ठेवावयाचें, हें सारें विचारून त्यांनीं न पाहिलेल्या देशाचा नकाशा केवळ ऐकीव माहितीवरून रेखाटला. आपलें साहस धोक्याचें असलें तरी तें अविचाराचें ठरूं नये, अशी या खटाटोपामागची दृष्टि मार्केतनें स्वतःच नमूद करून ठेविली आहे. शोधाच्या इतिहासांत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. ज्याला आपण अज्ञात प्रदेश म्हणतों, तो कोणाला तरी पूर्णपणें ज्ञात असतो.

त्यांच्या होड्याहि त्याच लोकांच्या विद्येचें फळ होत्या. आपल्या पूर्वजांनीं ज्या जातीच्या वृक्षाच्या सालीवर ग्रंथ लिहिले, त्याच भूर्जवृक्षाच्या एका अमेरिकन भावंडाची साल सोलून, ती लांकडाच्या लवचिक फासळ्यांवर ताणावयाची, मुळ्यांच्या दोऱ्यांनीं शिवावयाची आणि सांधे राळेनें बुजवावयाचे. अशी होडी वजनास हलकी असल्यामुळें खांद्यावर घेतां येते आणि फाटली तर रानांतच दुरुस्त होते. तिचें वैगुण्य म्हणजे ती उघडी असते. सरोवरावर वारा उठला कीं लाटांचें पाणी थेट आंत येतें. म्हणून कांठ सोडावयाचा नाहीं, हा शहाण्यांचा नियम.

वाटेंत त्यांना मेनोमिनी लोक भेटले. उथळ, गाळवट, मंद पाण्यांत आपल्याकडील देवभाताप्रमाणें आपोआप उगवणाऱ्या एका धान्यावर हे लोक उपजीविका करीत. सप्टेंबरांत त्या पिकांतून होडी हांकीत ते कणसें झाडून दाणे होडींतच पाडीत. मग ते धुरावर वाळवून, पायांनीं तुडवून पाखडीत. पुढें जाऊं नका, असें त्यांनीं पाहुण्यांस कळकळीनें सांगितलें. मोठ्या नदीवरील लोक परक्यांना जिवें मारतात, पाण्यांत माणसें गिळणारे राक्षस आहेत आणि तेथील उष्णतेनें मरण येतें, असा त्यांचा इशारा होता. मार्केतनें आभार मानले, पण बेत बदलला नाहीं.

ग्रीन बे नांवाच्या उपसागरापासून पुढें फॉक्स नदी लागते. तिच्या खालच्या भागांत विनेबागो सरोवरापासून उपसागरापर्यंत सुमारें १७० फुटांचा उतार आहे. प्रवाहाविरुद्ध होड्या ओढतांना तीक्ष्ण खडकांनीं पाय कापत. हा त्रास दिसणारा होता, म्हणून सोसतांहि येत होता. खरी परीक्षा सरोवराच्या पलीकडे होती. तेथील वरची फॉक्स नदी अत्यंत संथ आहे. दलदली आणि लहान तळीं यांतून ती नागमोडी वळणें घेत जाते, मध्येंच रुंदावून सरोवर होते आणि पुन्हा नदी होते. वेगवान नदी प्रवाशाला निदान दिशा तरी सांगते. संथ नदी कांहींच सांगत नाहीं. पाणी स्थिर, चोहोंकडे रानभाताची दाट वाढ, आणि तिच्यांत मुख्य पात्र कोणतें व आंधळी खाडी कोणती, हें ओळखण्याची खूण नाहीं.

जून ७ रोजीं ते मॅस्कूटेन लोकांच्या गांवीं पोहोंचले. फ्रेंचांपैकीं कोणीहि तोंवर याच्या पुढें गेलेला नव्हता. हिवाळ्यांतील नकाशा येथें अपुरा पडणार, हें ओळखून त्यांनीं वाटाडे मागितले. शेजारच्या मायामी लोकांपैकीं दोघे जण बरोबर निघाले. त्यांच्यावांचून तें पात्र सांपडणें कठीण होतें, अशी कबुली मार्केतनें दिली आहे. वाटाड्यांनीं चक्रव्यूहांतून होड्या नेल्या, पुढें २७०० पावलांच्या जमिनीवरून त्या वाहून नेण्यास हातभार लाविला, आणि विस्कॉन्सिन नदीच्या तीरावर निरोप घेऊन ते परतले.

त्या २७०० पावलांचें महत्त्व मोठें आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पाऊस कृष्णेच्या वाटेनें पूर्व समुद्रास जातो आणि सावित्रीच्या वाटेनें पश्चिम समुद्रास. तसाच हा जलविभाजक आहे, परंतु येथें पर्वत नाहीं, केवळ ओलसर सपाटी आहे. एका बाजूचें पाणी क्वेबेककडे जातें, दुसऱ्या बाजूचें मेक्सिकोच्या आखाताकडे. ओळखीचें पाणी मागें टाकून ते सात जण परक्या पाण्यांत शिरले, आणि जून १७ रोजीं मिसिसिपीस लागले.

पुढील महिनाभर ते दक्षिणेस गेले. नदी मेक्सिकोच्या आखातास मिळते, याची खात्री पटल्यावर आर्कान्सा नदीच्या मुखाजवळून जुलै १७ रोजीं ते परत फिरले. आणखी पुढें गेल्यास स्पॅनिश लोकांच्या हातीं सांपडून मिळविलेली माहिती व्यर्थ जाईल, हा त्यांचा हिशेब होता. कोठें थांबावें हें ठरविणें हाहि सिद्धतेचाच भाग आहे. परतीच्या वाटेवर इलिनॉय लोकांचा एक नायक आपल्या तरुणांसह त्यांना मिशिगन सरोवरापर्यंत पोहोंचवून गेला.

आतां दैवाचा खेळ पाहावा. १६७४ च्या उन्हाळ्यांत जोलिए आपली रोजनिशी व नकाशा घेऊन घरीं निघाला. कित्येक धबधबे निर्विघ्न पार करून तो माँट्रियलच्या अगदीं जवळ, ओळखीच्या पाण्यांत आला, आणि तेथेंच त्याची होडी उलटली. त्याचे सोबती बुडाले; कागदांची पेटी गेली; तो एकटा कसाबसा वांचला. मागें ठेवलेली प्रतहि आगींत नष्ट झाली. मार्केत १६७५ सालीं वारला; त्याच्या नांवावरील वृत्तान्त १६८१ सालीं पॅरिसमध्यें छापला गेला, म्हणूनच आज आपणांस ही हकीकत एवढ्या तपशिलानें ठाऊक आहे. जेथें माहीत नव्हतें तेथें ते सावध राहिले आणि तरले. जेथें सर्व माहीत होतें तेथें घात झाला.

त्या नदीचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. ज्या मेनोमिनी लोकांनीं प्रवाशांस सावध केलें होतें, त्यांना १८३६ सालीं याच फॉक्स नदीच्या कांठीं झालेल्या तहान्वयें सुमारें ४० लक्ष एकर भूमि सोडावी लागली. २७०० पावलांच्या त्या वाटेवर पोर्टेज नांवाचें शहर वसलें. अमेरिकन सरकारच्या इंजिनियरांनीं १८७६ सालीं तेथें कालवा पुरा केला. परंतु आगगाडी आधींच येऊन पोहोंचली होती, त्यामुळें त्या कालव्यास व्यापाराचें भाग्य लाभलें नाहीं, आणि १९५१ सालीं तो बंद झाला.

जोलिए व मार्केत यांच्या नांवानें आज अमेरिकेंत शहरें आहेत. त्या दोन मायामी वाटाड्यांचीं नांवें मात्र कोणी लिहून ठेविलीं नाहींत. वृत्तान्त लिहिणारा कृतघ्न नव्हता. त्यानें त्यांचें साह्य मोकळ्या मनानें नोंदविलें, परंतु नांव विचारण्याचें त्याला सुचलें नाहीं, किंवा विचारूनहि लिहिण्याची गरज वाटली नाहीं. एवढी काळजीपूर्वक सिद्धता करणाऱ्या माणसांच्या टिपणांत राहिलेली ही उणीव लहान नव्हे. ज्यांना वाट ठाऊक होती ते पाऊलवाटेनें घरीं परतले, आणि ज्यांनीं ती विचारून घेतली त्यांची कीर्ति झाली. विचारून घेण्याचाहि एक मोठेपणा असतो, आणि तो या दोघांपाशीं निश्चित होता. पण ज्याला विचारलें त्याचें नांव टिपून ठेवणें हें ऋण इतिहासाकडे अजून बाकीच आहे.